थांबा हं काकू, येतंय

उजव्या हाताचा पंजा छातीपर्यंत आणायचा, हात दाखवून बस थांबवतात तसा, आणि म्हणायचं, “थांबा हं काकू, येतंय.”

काय येतंय, ते आल्याशिवाय कळायचं नाही. कधी ते जिन्यावरच यायचं. कधी मी घरात जाऊन भाजी चिरून, फोडणी देऊन, जेवून उठले की यायचं. आणि कधी चार दिवसांनी सकाळी माझ्या दाराची बेल वाजवून यायचं. पण यायचं. तो समोरच्या दारात राहत होता तोवर त्याचं एकही उत्तर वाटेत हरवलं नाही, हे मला आधी सांगून टाकू द्या. कारण तो होता तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये फार थोड्यांना ते ठाऊक होतं.

आम्ही परळची खोली सोडून नेरूळला आलो तेव्हा आमच्या सेक्टरमध्ये इमारती कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. संध्याकाळी खाडीकडून डास यायचे आणि दुपारी डोंगरातल्या खाणींत सुरुंग लागायचे. चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर आमची आणि त्यांची दारं समोरासमोर. सामान चढवायच्या दिवशी आमचं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. आमचे हे आणि दोन हमाल घामाघूम झाले होते आणि मी वरून ओरडत होते, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या. तेवढ्यात समोरचं दार उघडून एक किडकिडीत मुलगा बाहेर आला. त्याने कठड्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाला, “काकू, कपाट येईल हो वर. आधी तुमचा आवाज बाजूला घ्या, जागा तोच अडवतोय.”

हमालसुद्धा हसले. मी बँकेत काउंटरवर बसणारी बाई. “चला, पुढचे!” हे माझं दिवसभराचं वाक्य. माझ्या तोंडाला कुणी लागत नसे. ह्या पोराने मला नव्या घराचा उंबरा ओलांडायच्या आधीच गप्प केलं.

तेव्हा तो कॉलेजात होता. हजरजबाबी म्हणजे किती, तर समोरच्याचं वाक्य अजून पुरतं व्हायचं असायचं आणि ह्याचं उत्तर तयार. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन एकदा छातीवर हात ठेवून म्हणाले, “मी ह्या सोसायटीसाठी रक्त आटवलंय, रक्त!” मागच्या खुर्चीवरून लगेच आवाज आला, “रक्त आटवलंत ते ठीक आहे काका, पण टाकीतलं पाणी कशाला आटवलंत?” मीटिंग तिथेच संपली. चेअरमनांच्या बायकोने त्याच्या आईशी महिनाभर अबोला धरला.

त्याचे वडील शाळेत ड्रिल मास्तर होते, नुकतेच रिटायर झालेले. सगळी बिल्डिंग त्यांना सर म्हणायची. ताठ चालणं, बारीक मिशी, आणि शाळा सुटली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. त्यांच्या घरात एक नियम होता, एका हाकेत ओ आली पाहिजे. आणि यायची. सर खालून हाक मारायचे तेव्हा नाव अर्धं तोंडात असतानाच वरून “ओ!” ऐकू यायचं. सर मिशीतल्या मिशीत हसायचे. मुलाचं कौतुक त्यांनी तोंडाने केलेलं मी कधी ऐकलं नाही, पण ती “ओ” ऐकायला ते उगाचच खालून हाका मारायचे, हे मी पाहिलेलं आहे.

मग बी.कॉम. होऊन तो एका गॅस एजन्सीच्या काउंटरवर लागला आणि त्याच सुमारास काहीतरी बिनसायला लागलं. आधी झोप गेली. मग तो गच्चीवर जाऊन केबलच्या वायरींकडे बघत उभा राहायला लागला. त्या वायरींतून लोक आपल्याविषयी बोलतात, असं त्याने आईला सांगितलं. त्याच्या आईला मी वहिनी म्हणायची. वहिनींना वाटलं की दमलाय, सुट्टी घेईल की बरा होईल. एका रविवारी दुपारी त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या बंद करून फटींत कपडे कोंबले आणि आईलाही गप्प बसायची खूण केली. वहिनी माझ्याकडे धावत आल्या तेव्हा त्यांच्या पायांत चपला नव्हत्या.

हॉस्पिटल झालं, गोळ्या झाल्या. स्किझोफ्रेनिया हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. बिल्डिंगने त्याचं भाषांतर आपल्या पद्धतीने करून घेतलं, ते मी इथे लिहीत नाही.

तो घरी परत आला तेव्हा वायरींतली माणसं बरीचशी गप्प झाली होती. पण तोही गप्प झाला होता. मी विचारलं, “कसा आहेस रे?” त्याने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी म्हटलं, बरं बाबा, आराम कर, आणि घरात आले. कुकर लावला, दोन शिट्ट्या झाल्या आणि बेल वाजली. दारात तो. म्हणाला, “बरा आहे.”

गॅसवाल्यांनी त्याला परत घेतलं, पण ते टिकायचं नव्हतं. काउंटरवर माणूस विचारायचा, सिलिंडर कधी येणार? हा ऐकायचा, वहीकडे बघायचा, परत माणसाकडे बघायचा. तोवर मागचे ओरडायला लागायचे, अरे झोपलास काय, टाइम नाय आमच्याकडे! ओरडलं की त्याला आणखी वेळ लागायचा. मी स्वतः काउंटरला बसत असल्यामुळे ती रांग मला डोळे मिटूनही दिसायची. पुढे एजन्सीच्या मालकाने चांगल्या शब्दांत त्याला घरी बसवलं.

सरांना मात्र हे कळेना. त्यांच्या मते आजार हॉस्पिटलात संपला होता आणि आता उरला होता तो आळस. ते हाक मारायचे. ओ यायची नाही. परत मारायचे. मग संतापून बाल्कनीत जाऊन उभे राहायचे, आणि मग आत, रिकाम्या खोलीत, “ओ.”

संध्याकाळी ते त्याला समोरच्या मोकळ्या प्लॉटवर न्यायचे. हातात टेनिसचा बॉल. शिट्टी मारायची आणि बॉल टाकायचा, त्याने झेलायचा. सवयीने सगळं परत येतं, असं सर म्हणायचे. हजारो पोरांना त्यांनी उभं केलं होतं, ह्या एकाला करता येणार नाही हे त्यांना पटणार कसं? मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढताना बघायची. शिट्टी वाजायची, बॉल यायचा, त्याच्या छातीवर आपटून खाली पडायचा, आणि मग त्याचे दोन्ही हात वर येऊन हवेत मिटायचे. अगदी बरोबर जागी मिटायचे. बॉल तेवढा तिथे नसायचा. सर ओरडायचे, “लक्ष कुठाय!” मला पुढे बघवायचं नाही. अर्धे कपडे दोरीवर तसेच ठेवून मी आत यायची.

डॉक्टरांकडे सर जात नसत, म्हणून एकदा त्याला घेऊन वहिनींबरोबर मी गेले. वाशीला एक वयस्क डॉक्टर होते, हळू बोलणारे. त्यांनी त्याच्यापुढे एक कागद ठेवला. वर आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली त्याची एक खूण. खाली नुसतेच आकडे, त्यांच्याखाली ज्याची त्याची खूण काढायची. मी शेजारून मनातल्या मनात भराभर काढून पुढे निघूनही गेले. तो एक आकडा बघायचा, वर बघायचा, खाली यायचा, पेन टेकवायचा, परत वर बघून खात्री करायचा. डॉक्टरांनी थांब म्हटलं तेव्हा त्याच्या जेमतेम दोन ओळी झाल्या होत्या.

डॉक्टरांनी कागद तपासला आणि वहिनींकडे सरकवला. “बघा. एकही चूक नाही.”

वहिनींनी तो उचलून डोळ्यांजवळ धरला.

“आपण ऐकतो, समजून घेतो, उत्तर शोधतो, बोलतो,” डॉक्टर म्हणाले. “आपल्याला ते सगळं एकच वाटतं, इतकं पटकन होतं. त्याला त्यातलं एकेक वेगळं करावं लागतं. ह्या आजारात असं होतं. गोळ्यांनी थोडं जडपण येतं, पण सगळं गोळ्यांमुळे नाही, तेव्हा त्या तुमच्या मनाने बंद करू नका. उत्तर त्याच्याकडे असतं. पोचायला वेळ लागतो.”

“मग आम्ही काय करायचं?” मीच विचारलं. गप्प बसणं मला कुठे जमतंय.

“थांबायचं,” ते म्हणाले. “एका वेळी एक विचारायचं आणि थांबायचं.”

त्या संध्याकाळी सरांनी मला जिन्यात गाठलं. वहिनींनी त्यांना सांगितलं असणारच, पण त्यांना ते दुसऱ्याकडून ऐकायचं होतं. “काय म्हणाले डॉक्टर? स्पष्ट सांगा.” मी सगळं सांगितलं. आकड्यांच्या कागदाचंही सांगितलं. सर जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून उभे होते.

“एकही चूक नाही?”

“एकही नाही, सर.”

ते घरात गेले. दार उघडंच होतं म्हणून मला दिसलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवली. ती नंतर त्यांच्या गळ्यात मी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या मजल्यावर एक नवीन प्रकार सुरू झाला. आपण घरातून निघताना “येतो” म्हणतो आणि घरातलं कुणीतरी “बरं, या” म्हणतं. म्हणतो आणि चालू लागतो, उत्तराकडे कुणाचं लक्ष असतं? सर दूध आणायला निघाले की दारात उभे राहून म्हणायचे, “येतो रे.” आणि उभे राहायचे. हातात पिशवी, पायात चपला, ताठ, शाळेत प्रार्थनेला उभे राहावं तसे. खालचे-वरचे लोक जिन्यावरून जाताना विचारायचे, “काय सर, कोणाची वाट बघताय?” सरांचे कान आत लागलेले असायचे. मग आतून यायचं, “बरं, या बाबा.” की सर जिना उतरायला लागायचे. वरच्या मजल्यावरचे लोक हसायचे. मास्तरला घरच्यांनी अंगठे धरून उभं केलंय, म्हणायचे. मला हसू यायचं नाही. ती “ओ” ऐकायला खालून हाका मारणारा माणूस मी पाहिला होता.

प्लॉटवरचा बॉलही बंद झाला नाही, फक्त सर तो आता जमिनीवरून घरंगळत सोडायचे. तो गवतातून, खडीतून अडखळत यायचा, आणि त्याचे हात आधीच खाली येऊन त्याची वाट बघत असायचे. बॉल हातात आला की दोघंही क्षणभर तसेच उभे राहायचे. कपडे काढायला मला हल्ली बाल्कनीत फार वेळ लागायला लागला होता.

थांबायला मीही शिकले. म्हणजे बऱ्यापैकी शिकले. आणि थांबायला लागल्यावर कळलं की आतला पोरगा तोच आहे. एकदा मी मंडईतून मोठ्या हौसेने भलाथोरला फ्लॉवर आणला आणि जिन्यात त्याला दाखवला. “बघ, केवढा मिळाला!” त्याचा पंजा वर. “थांबा हं काकू, येतंय.” मी थोडी थांबले, पण फ्लॉवर जड होता. भाजी झाली, संपली, डबे घासून झाले. दोन दिवसांनी बेल वाजली. “काकू, फ्लॉवर तुम्ही आणलात, की फ्लॉवरने तुम्हाला?”

खाणीत सुरुंग लागायचा तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि मी दर वेळी नव्याने दचकायची. रविवारी तो आमच्याकडे बसलेला असायचा. धडाम झालं की मी “आई गं!” म्हणून उडायची आणि तो जागचा हलायचाही नाही. भांडी वाजायची थांबली, कावळे परत झाडावर बसले, की मग तो सावकाश मान वळवून खिडकीकडे बघायचा. आणि आणखी थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणायचा, “काकू, रोजचाच आहे हो.”

सगळ्यात मोठं हसले ते गुडघ्यांच्या वेळी. मी जिन्यात बसून त्याला माझी सगळी कहाणी सांगितली होती. गुडघे दुखतात, पाठ दुखते, दिवसभर खुर्चीवर बसून मान दुखते. तो ऐकत होता. पंजा वर. आठवडा गेला असेल. मी ऑफिसला निघालेली, घाईत, आणि तो दार अडवून उभा. “काकू, तुमचं सगळं दुखतं. जीभ कशी नाही दुखत?” मी तिथेच पायरीवर बसून हसले आणि मग मला रडू आलं. कारण हा तोच होता, कपाटाच्या दिवशीचा. हसणारे सगळे निघून गेल्यावर पोचत होता एवढंच.

सर गेले ती सकाळ मला सांगायची नाही, पण ती सांगितल्याशिवाय हा माणूस तुम्हाला कळणार नाही.

दूध आणायची वेळ होती. सर दारातच खाली बसले. छातीत कळ. वहिनींनी आमचं दार बडवलं. आमचे हे आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोघं धावले. लिफ्ट नाही, म्हणून लाकडी खुर्चीत बसवून खाली न्यायचं ठरलं. कुणीतरी खाली रिक्षा धरून ठेवली. वहिनी पैसे आणि फाईल घेऊन पुढे उतरल्या. तो आतल्या खोलीच्या दारात उभा होता, मी त्याच्याजवळ.

खुर्ची उचलली. सरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, “येतो रे.” अगदी रोजच्यासारखं. खुर्ची जिन्याला लागली. सरांनी हात वर केला. “थांबा,” म्हणाले.

“काही होत नाही सर, आलंच हॉस्पिटल,” आमचे हे म्हणाले.

“थांबा हो. थांबा.”

खुर्ची धरणाऱ्यांना वाटलं, कळ सहन होत नाही म्हणून म्हणतायत. म्हणून त्यांनी आणखी घाई केली. कुणीही तेच केलं असतं. मीसुद्धा वरून ओरडत होते, सांभाळून, लवकर, लवकर. खुर्ची वळणावरून दिसेनाशी झाली तरी सरांचा आवाज येत होता. “अरे थांबा.” मग रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती कोपऱ्यावरून वळली.

आणि माझ्या शेजारून, रिकाम्या जिन्याकडे बघत, स्पष्ट, “बरं, या बाबा.”

तेव्हा मला कळलं की सर कशासाठी थांबा म्हणत होते. सर हॉस्पिटलपर्यंत पोचले नाहीत.

इतकी वर्षं झाली, पण तो जिना उतरताना त्या वळणावर अजून माझा पाय थांबतो.

दिवसकार्याला माणसं यायला लागली. दुःखाच्या घरून निघताना आपल्यात “येतो” म्हणत नाहीत. उठायचं, हात जोडायचे आणि न बोलता निघायचं. तिथून परत येणं नको, असा त्यात भाव. आणि ह्याने काय करावं? माणूस येऊन सतरंजीवर टेकला रे टेकला की हा उठून दार उघडं धरायचा आणि हात जोडून म्हणायचा, “बरं, या.”

लोक चपापले. काहींनी मान खाली घातली, काही खरंच उठून गेले. सरांची चुलत बहीण दादरहून आली होती, ती चांगलीच भडकली. “अरे, आत्ता आले मी! आणि सुतकात या म्हणतोस? परत परत यावं का आम्ही ह्यासाठी? समजवा गं त्याला कोणीतरी.”

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणू दे त्याला.”

“अगं पण, असं अभद्र...”

“म्हणू दे म्हटलं ना.”

पण ते का, हे वहिनींनाही माहीत नव्हतं. मी त्याला विचारलं. सतरंजी उचलली होती, घर मोकळं झालं होतं, आम्ही दोघंच बाल्कनीत होतो. “का रे, माणूस बसायच्या आधीच निरोप देतोस?” पंजा वर. “थांबा हं काकू.” त्या दिवशी “येतंय” तो म्हणाला नाही.

ते उत्तर यायला बरेच दिवस लागले. तोवर बिल्डिंगमधले लोक त्यांच्याकडे जायचे जवळजवळ बंद झाले होते. घरात पाय ठेवला की हाकलतो, म्हणायचे. एका रविवारी बेल वाजली. दारात तो, अंगावर सरांचा स्वेटर.

“काकू, मला वेळ लागतो,” तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. मी दार धरून उभी. “म्हणून आधीच म्हणून ठेवतो.”

मी त्याला आत घेतलं नाही. मला तेवढं सुचलंच नाही. त्याच्या हाताला धरून मी तशीच उभी राहिले. मग म्हटलं, “जेवलास?” तो घरी गेला आणि पानं वाढायच्या वेळेला येऊन सांगून गेला, “नाही.” मी त्याला वाढलं. त्याने सावकाश, सगळं, जेवून घेतलं.

सर गेल्यावर वहिनींना ते घर झेपेना. औषधं, बाजार, तिसरा मजला, आणि रस्ता ओलांडताना त्याचा हात धरायला आता त्या एकट्याच. त्यांचा भाऊ गुहागरकडे राहायचा. बागायत होती, घर मोठं होतं. तो म्हणाला, दोघंही या. जागा विकायचं ठरलं. वहिनी मला म्हणाल्या, “तिथे घाई कुणाला नसते. त्याला बरं पडेल.” मलाही तसंच वाटलं. निदान तसं वाटून घेतलं.

सामानाचा टेम्पो जवळच्याच शिरवणे गावातला होता. सामान चढलं, वहिनी पुढे बसल्या, तो त्यांच्या शेजारी खिडकीशी. सगळी बिल्डिंग बाल्कनीत होती, खाली फक्त मी. आता निघणारा तो होता, तेव्हा “येतो” त्याने म्हणायचं होतं आणि “ये” मी.

मी खिडकीशी उभी राहिले. त्याचा पंजा वर आला. “थांबा हं काकू, येतंय.”

“ये सावकाश. मी आहे,” मी म्हटलं.

ड्रायव्हर गाडीखालून टायर बघून आला. “चला ना मावशी, किती टाइम? घाटान ट्राफिक लागंल, निंगाया पायजे.”

“दोन मिनिटं थांब रे दादा,” मी म्हटलं.

तो थांबला. खरंच थांबला बिचारा, बिडी पेटवली, संपवली. मग मागे एक पाण्याचा टँकर येऊन हॉर्न मारायला लागला आणि ड्रायव्हरने नाइलाजाने हात उडवून गाडी सुरू केली. टेम्पो निघाला. खिडकीतून बाहेर आलेला त्याचा पंजा कोपऱ्यापर्यंत तसाच उभा होता. मी कोपऱ्याकडे बघत राहिले. वर सगळ्या बाल्कन्या रिकाम्या झाल्या. वॉचमन म्हणाला, “गेले बाई ते.” मी म्हटलं, “माहीत आहे मला.”

पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन तो गेला. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. हे मला वहिनींच्या भावाने कळवलं. पण त्याच्या आधी, उन्हाळ्यात, एक फोन आला होता.

आमच्याकडे फोन नुकताच आला होता. वहिनींना मी नंबर कळवला होता. रविवारची दुपार, सुरुंगाची वेळ टळून गेलेली. मी रिसीव्हर उचलला, हॅलो म्हटलं. पलीकडे काही नाही. लांबच्या लाइनीचा खरखर आवाज आणि त्यामागे एक श्वास.

दुसरं कुणी असतं तर मी कोण बोलतंय, कोण बोलतंय करून ठेवून दिला असता. पण ह्या गप्प बसण्याला मी ओळखत होते. मी भिंतीला टेकले. “मी आहे रे,” एवढंच म्हटलं आणि थांबले. मागे कुठेतरी कोंबडा ओरडला. कुणीतरी, बहुतेक फोनच्या दुकानातला माणूस, म्हणाला, बोला की. तो बोलला नाही. मीही नाही. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसलेली नाही.

आणि मग आलं.

“काकू,” तो म्हणाला. “येतो.”

टेम्पोच्या खिडकीत निघालेला तो शब्द तिथून आता पोचला होता. मला नुसतं “बरं, ये” म्हणायचं होतं. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण म्हणतो तेवढंच. माझ्यासारख्या बाईला त्याला काय लागतं? पण तोंड उघडलं तर आवाज फुटेना, जीभ जागची हलेना. मी मान हलवत होते, फोनवर, वेड्यासारखी. पलीकडे तो थांबला होता. तो थांबलाय हे मला ऐकू येत होतं. मग खट झालं आणि लाइन तुटली. कोकणातल्या लाइनी तेव्हा अशाच तुटायच्या.

“बरं, ये,” मी म्हटलं. “ये रे बाळा, ये.” पलीकडे नुसती टूं टूं वाजत होती.

रिसीव्हर हातात घेऊन मी तशीच उभी होते. आमचे हे आतून आले. “कुणाचा फोन होता गं?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मी नुसता उजव्या हाताचा पंजा वर केला.